हरभऱ्याएवढी गाठ

"अगो, आवाळू असेल ते. तुझ्या आजोबांच्या मानेवर नव्हतं का? पन्नास वर्षं घेऊन फिरले, दुखलं नाही की खुपलं नाही."

गुहागरच्या घरी काकू पडवीत वाल सोलत बसली होती. तिच्या पायाशी पसरलेली मनी मांजर तेरा वर्षांची आहे, म्हणजे माणसाच्या वयात सत्तरीला टेकलेली. घरचा दूधभात आणि शेजारच्या बांगड्यांची डोकी यांवर तिने एवढी वर्षं काढली. मानेखाली खाजवताना माझ्या बोटाला काहीतरी लागलं. केस बाजूला केले तर हरभऱ्याएवढी गाठ, घट्ट आणि निळसर काळी. वरचे केस गेलेले.

काकूचं म्हणणं माणसापुरतं बरोबर आहे. माणसाच्या कातडीखाली उतारवयात आलेली मऊ गाठ पुष्कळदा नुसत्या चरबीची असते. कुत्र्यांतही तेच. मांजराचं तसं नाही. चरबीच्या गाठी त्यांच्यात कुत्र्यांच्या मानाने कमी होतात, आणि कातडीवर खरोखरीचा ट्यूमर उगवलाच, तर तो कर्करोगाचा असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणून आजोबांचा दाखला मनीला लागू पडत नाही.

अर्थात हाताला लागलेला प्रत्येक उंचवटा ट्यूमर नसतो. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड भल्याभल्यांना गाठ वाटते. नीट पाहिलं की पाय दिसतात. पोटावरची स्तनाग्रं बोक्यालाही असतात, हे ठाऊक नसल्यामुळे घाबरलेले लोक मी पाहिलेत. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळ कातडीत शिरून तिथे पू धरतो. आणि मारामारी करणारा बोका असेल, तर आधी संशय गळवाचा. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक. भोक वरून लगेच मिटतं आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. दोन-चार दिवसांत तिथे गरम, दुखरी सूज येते, जनावर खात नाही, कोपऱ्यात बसून राहतं. इतक्या झटपट वाढलेली आणि हात लावू न देणारी गाठ बहुतेक पुवाची. तिलाही डॉक्टर लागतोच, पण धास्ती वेगळी.

खरी फसगत न दुखणाऱ्या गाठीने होते. दुखत नाही म्हणून आपण थांबतो, आणि थांबताना आकाराचा अंदाज चुकतो. एक सेंटीमीटरच्या ट्यूमरमध्ये ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर यायला सुमारे तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं, आणि तेवढा काळ कुणाला पत्ता लागत नाही. हरभऱ्याची सुपारी झाली, म्हणजे एकाचे दोन सेंटीमीटर झाले, की आपण म्हणतो "जराशी वाढल्यासारखी वाटते." व्यास दुप्पट म्हणजे घनफळ आठपट! पेशी आणखी तीनदा दुप्पट झाल्या की तेवढं होतं. म्हणून गाठ एक सेंटीमीटरची झाली किंवा महिनाभर टिकली, तर नुसती पाहत बसू नये, असा आडाखा बरेच पशुवैद्य सांगतात.

स्तनांच्या गाठींत तर हा फरक जिवावरचा असतो. मांजरीच्या स्तनातल्या दहा ट्यूमरपैकी आठ-नऊ कर्करोगाचे निघतात. दोन सेंटीमीटरच्या आत असताना काढलेल्या गाठीनंतर मांजरी पुष्कळदा काही वर्षं जगतात. तीनच्या पुढे गेल्यावर हिशेब महिन्यांवर येतो. पहिल्या सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत हा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी आढळला आहे. आपल्याकडे "एकदा पिल्लं होऊ देत, मग बघू" म्हणतात, तिथे हा आकडा सांगायला हवा.

पांढऱ्या मांजरांची गोष्ट निराळी. त्यांच्या कानांच्या टोकांना, नाकाच्या शेंड्याला, पापण्यांना रंगद्रव्याचं संरक्षण नसतं, आणि आपलं मांजर गडग्यावर नाहीतर पत्र्यावर तासन् तास ऊन खात पडतं. अशा जागी होणारा कर्करोग बहुधा गाठीच्या रूपात येतच नाही. कानाच्या कडेला खपली धरते, पडते, पुन्हा धरते. "भांडणात ओरखडलं असेल" म्हणत वर्ष निघून जातं. कानापुरता असताना कानाची पाळी कापून बहुधा काम भागतं.

आणखी एक प्रकार इंजेक्शनच्या जागी होतो. १९९१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी लस टोचलेल्या जागी होणाऱ्या आक्रमक ट्यूमरकडे लक्ष वेधलं. प्रमाण फार थोडं, दहा हजार मांजरांत एखादं, असा अंदाज आहे. रेबीजपुढे ते काहीच नाही, तेव्हा लस चुकवू नये. लस दिल्यावर बारीक गाठ येऊन विरते. ती तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटीमीटरच्या वर गेली किंवा महिन्यानंतरही वाढतच असली तर तपासायची. याचसाठी हल्ली मानेऐवजी पायात खाली लस द्यायला सांगतात. वेळ आलीच तर पाय काढता येतो, मान काढता येत नाही.

मनीला आंब्याच्या करंडीत घालून तालुक्याला नेली. तिथले डॉक्टर मुख्यतः गुरांचे, पण सुई सगळ्यांना तीच. काकूने वाटेतच बजावलं होतं, "सुई लावू देऊ नको हो, गाठ पसरते." कातडीवरच्या गाठीत असं होणं फार विरळ. डॉक्टरांनी साधी इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घातली, दोन-तीनदा मागेपुढे केली, आत आलेलं टिपूस काचेवर उडवलं आणि हवेत वाळवलं. भूल नाही की टाका नाही. मनी काकूकडे रागाने बघत होती एवढंच.

रंग दिलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पुष्कळ कळतं. पुवात जंतू आणि त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात, चरबीत तेलाचे थेंब. मास्ट पेशींचा, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचा, ट्यूमर असेल तर गोल पेशींत जांभळ्या कणांची दाटी. त्या कणांत सूज आणणारं हिस्टामिन असतं, त्यामुळे अशी गाठ चिवडली की लाल होऊन फुगते आणि दुसऱ्या दिवशी बसते. "आज कमी वाटते" याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. काही चिवट गाठी सुईला पेशीच देत नाहीत. मग तुकडा काढून पाठवावा लागतो.

घरगुती उपायांचं थोडक्यात. चुना, हळद, केसाचा फास यांतलं काही करू नये. लावलेलं सगळं मांजर चाटून पोटात घालतं. आणि दुखेल म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. ते पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. माणसाची एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरते.

मनीच्या काचेवर बेसल, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी असणाऱ्या, पेशी निघाल्या. म्हाताऱ्या मांजरांत वारंवार दिसणारा, बहुधा निरुपद्रवी ट्यूमर. निळसर काळा रंग त्याला शोभणारा. डॉक्टर म्हणाले, वयापेक्षा मूत्रपिंडं महत्त्वाची, रक्त तपासू आणि मग भूल देऊन काढू. तोवर दर रविवारी मोजा.

काकूने दोरा घेतला, गाठीवर धरला, नखाने खूण केली आणि पट्टीवर ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाखाली तिने लिहिलं: 'मनी, ९ मिमी.'