विद्यापीठीय सामाजिक बांधिलकी (पुणे)

शिकायला कोणाला मिळते, शिकताना त्याच्या पोटाचे काय आणि त्या शिक्षणाचा गावाला उपयोग काय, या तीन प्रश्नांची जबाबदारी विद्यापीठाने अंगावर घेणे म्हणजे सामाजिक बांधिलकी. आराखड्यांच्या आणि अहवालांच्या भाषेत तिलाच विस्तारकार्य किंवा समाजाभिमुखता म्हणतात. पुण्यात ही कल्पना विद्यापीठाहून जुनी आहे.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्वतंत्र महिला विद्यापीठ उभे केले, तेही मातृभाषेतून शिकवण्याच्या आग्रहासह. सरकारी मान्यतेसाठी ते थांबले नाहीत. त्याच काळात वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवणारी, माधुकरी मागून शिकणारी मुले शहरात होती. त्यांच्या जिद्दीच्या गोष्टी पुणे कौतुकाने सांगते. वार मिळायचे ते बहुतेक जातीच्या ओळखीवर, एवढे मात्र त्या कौतुकात राहून जाते.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, बॅ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानात ते थाटले गेले. बोधवाक्य ‘यः क्रियावान् स पण्डितः’, म्हणजे जो करून दाखवतो तो पंडित. महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांत युधिष्ठिराच्या तोंडी असलेल्या श्लोकाचा हा शेवटचा चरण. आधीच्या चरणांत पढणारे, पढवणारे आणि शास्त्रचिंतन करणारे या सगळ्यांना व्यसनी आणि मूर्ख म्हटले आहे. विद्यापीठाने तेवढा भाग सोयीने गाळला. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

या बांधिलकीचे सर्वांत ठोस रूप म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणारी ‘कमवा व शिका’ योजना. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. श्रम करून शिकणे हा तिथला रोजचा शिरस्ता होता. पुण्यातली योजना त्याच मुळावरची. विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतो, बागेत पाणी घालतो, कार्यालयात नोंदी उतरवतो, हजेरीपत्रकावर सही करतो आणि तासांप्रमाणे मानधन घेतो. रक्कम मोठी नसते. पण मेसचे बिल त्यातून भागते तेव्हा घरी फोन करून पैसे मागण्याची वेळ टळते, आणि दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलाला याची किंमत चांगलीच कळते. माधुकरीत उपकार होते, इथे मजुरी आहे. म्हणूनच मानधन उशिरा झाले तर त्याला तक्रार करता येते.

राष्ट्रीय सेवा योजनेचा हिशेबही तासांचाच, पण तो बिनपैशाचा. २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे, शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर. शाळेच्या खोलीत सतरंज्या, पहाटे प्रभातफेरी, मग घमेली-फावडी घेऊन बंधाऱ्यावर श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य, हा ठरलेला क्रम. पहिल्या दिवशी हाताला फोड येतात, तिसऱ्या दिवसापासून गावातल्या आजीबाई भाकरी पाठवू लागतात. अडचण पुढे आहे. शिबिराचे फोटो अहवालात जातात आणि महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात विस्तारकार्य म्हणून मांडले जातात; पावसाळ्यानंतर बंधाऱ्यात पाणी ठरले का, हे विचारणारा रकाना त्यात क्वचितच सापडतो.

धोरण म्हणून हा विषय कायद्यातही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाला दर पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. नवे महाविद्यालय कुठे निघावे हे त्यातून ठरते, आणि सोयींचे वाटप सर्व भागांत न्याय्य व्हावे अशी अपेक्षा असते. सामाजिक न्याय हा शब्द इथे थेट नकाशावर उतरतो.

अंतराचा प्रश्न विद्यापीठाला सुरुवातीपासून आहे. १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ झाले आणि दक्षिणेकडचा भाग गेला. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाल्यावर जळगाव आणि धुळे गेले. उरले पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक. तरीही नाशिक ते पुणे हे अंतर सुमारे २१० किलोमीटर, आणि नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याच्या मुलाला आधी नाशिक गाठावे लागते. नाशिक आणि अहिल्यानगर येथील उपकेंद्रांची गरज या प्रवासातून येते: एका कागदासाठी एसटीचे भाडे, एक मुक्काम आणि बुडालेला रोज.