फेरो बेटांचे साखळीनृत्य आणि कथागीते

उत्तर अटलांटिक महासागरात नॉर्वे, आइसलँड आणि स्कॉटलंड यांच्या मधोमध असलेल्या 18 फेरो बेटांवरचे पारंपरिक सामूहिक नृत्य. ही बेटे डेन्मार्कच्या राज्यातला स्वायत्त प्रदेश आहेत. या नृत्यात एकही वाद्य वाजत नाही. नाचणाऱ्यांचे आवाज आणि लाकडी जमिनीवर पडणारी पावले, एवढेच त्याचे संगीत. नाच आणि गीत इथे वेगळे काढताच येत नाहीत.

स्त्री-पुरुष, म्हातारे-पोरे एकमेकांचे हात धरून फेर धरतात. आधी डावा पाय टाकायचा आणि उजवा त्याला जुळवायचा, असे दोनदा. मग उजवा पाय मागे आणि डावा त्याच्याजवळ. या सहा ठेक्यांत फेर हळूहळू डावीकडे सरकतो. माणसे वाढली आणि जागा अपुरी पडली की साखळी आत वळते, तिला वेटोळी पडतात, आणि मग नाचणारे एकमेकांच्या अगदी समोरून जातात. अशा वेळी चेहरे पाहण्यासारखे असतात, कारण समोरचाही तीच कथा, तोच शब्द गात असतो. ‘शिपारी’, म्हणजे म्होरक्या, कडवे उचलतो आणि ध्रुपद सगळे मिळून गातात. कथेत लढाई आली की पाय जोरात आपटतात, शोक आला की चाल मंदावते. फेर कोणासाठीही खुला असतो. दोघांच्या मधे हात घालून कुणीही सामील व्हावे.

मध्ययुगात असे फेर युरोपात सर्वत्र होते. फ्रान्समधून ही पद्धत उत्तरेकडे पसरली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. डेन्मार्कमधल्या ओर्स्लेव्ह येथील चर्चच्या चौदाव्या शतकातील भित्तिचित्रात हात धरून नाचणारी रांग दिसते. पुढे जोडीने नाचायच्या नव्या प्रकारांमुळे आणि धर्मगुरूंच्या विरोधामुळे ती मागे पडली. फेरो बेटांवर मात्र ती टिकली. लुकास डेबेस या पाद्र्याने 1673 च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की इथले लोक लग्नात आणि नाताळात हात धरून साधा फेर धरतात व जुनी वीरगीते गातात.

बेटे एकाकी होती म्हणून परंपरा टिकली, असे सहज म्हटले जाते. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. आइसलँडही तितकेच दूर, तरी तिथले असे नाच अठराव्या शतकात संपले. फरक भाषेच्या स्थितीत आहे. आइसलँडजवळ स्वतःचे लिखित साहित्य होते. फेरोमध्ये सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर चर्च, कचेरी आणि शाळा यांची भाषा डॅनिश झाली. फेरोई या बेटांच्या भाषेला 1846 मध्ये व्ही. यू. हामर्सहाइम्ब यांनी लेखनपद्धती घालून देईपर्यंत सर्वमान्य लिपिव्यवस्थाच नव्हती. तोवर या भाषेचे साहित्य लोकांच्या तोंडी होते. हिवाळ्याच्या लांब रात्री लोकर पिंजताना, सूत कातताना गीते म्हटली जात, आणि नाताळपासून ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत ती नाचली जात. शेकडो कडवी पाठ राहिली ती पावलांच्या ठेक्यामुळे.

गीतांचे मुख्य प्रकार दोन. ‘क्वेआयी’ म्हणजे वीरांची दीर्घ कथागीते. त्यांतली सर्वांत मोठी सर्पाचा वध करणाऱ्या सिगुर्डची. ‘टॉट्टुर’ म्हणजे गावातल्या कुणाची तरी टर उडवणारे विडंबनगीत. ज्याची टर उडवायची त्यालाच फेरात ओढत. याखेरीज वेडेल (1591) आणि स्यूव (1695) यांच्या छापील डॅनिश संग्रहांतली गीतेही बेटकऱ्यांनी बेधडक नाचात घेतली.

नवी रचनाही थांबली नाही. नोल्सॉय बेटावरच्या पॉलने 1806-07 च्या सुमारास 229 कडव्यांचे ‘पक्ष्यांचे गीत’ रचले. त्यात डॅनिश अधिकारी शिकारी पक्षी होतात आणि कालवखाऊ पक्षी लहान पाखरांना सावध करतो. कालवखाऊ हाच पुढे बेटांचा राष्ट्रीय पक्षी झाला. राजाच्या व्यापारी मक्तेदारीविरुद्धचा राग जाहीरपणे मांडायला फेराइतकी सोयीची दुसरी जागा नव्हती. ती मक्तेदारी 1856 मध्ये संपली. 1830 च्या सुमारास येन्स ख्रिस्तियान ड्यूरहूस या शेतकऱ्याने नॉर्वेचा राजा ओलाव्ह त्रिग्वासन याच्या युद्धनौकेविषयी ‘लांब सर्प’ हे 86 कडव्यांचे गीत रचले. आज सर्वाधिक गायले जाते ते हेच.

संकलनाचे काम येन्स ख्रिस्तियान स्वाबो याने 1781-82 मध्ये सुरू केले. 1817 मध्ये ल्युंगब्यू हा डॅनिश पाद्री समुद्रशैवालांच्या अभ्यासासाठी आला आणि गीतांच्या नादी लागला. त्याने 1822 मध्ये छापलेली सिगुर्डगीते हे फेरोई भाषेतले पहिले छापील पुस्तक. स्वेन ग्रुंटविग आणि योर्गेन ब्लॉक यांनी नंतर सर्व पाठ एकत्र केले. यालमार थुरेनने चालींवरचा ग्रंथ 1908 मध्ये प्रसिद्ध केला.

छापून झाल्याने गीते टिकली, पण नाच टिकायला माणसेच लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासेमारीने जीवनमान पालटले, राजधानी तोर्शहाव्नमध्ये युरोपीय नाच आले आणि जुना फेर मागासलेला वाटू लागला. भाषेच्या चळवळीने त्याला पुन्हा मान दिला. पुढे गावोगावी नृत्यमंडळे निघाली आणि शाळांतून मुलांना पावले शिकवली जाऊ लागली. सुदुरॉय बेटावरचे सुम्बा हे गाव या नाचासाठी विशेष प्रसिद्ध आहे. राजधानीत 29 जुलैच्या ओलाव्सोका या राष्ट्रीय सणाला मध्यरात्रीच्या सामूहिक गायनानंतर रस्त्यावरच फेर धरला जातो, आणि त्यात राष्ट्रीय पोशाखातल्या आजीबाईंच्या शेजारी परदेशी पाहुणाही चार पावले शिकून घेतो.