काजूच्या टरफलाचं तेल

काजूबीच्या जाड टरफलात साठलेलं तांबूस-काळपट, चिकट आणि कातडी जाळणारं द्रव्य म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. कोकणात त्याला सरळ चीक म्हणतात, व्यापारात 'सीएनएसएल', म्हणजे 'कॅश्यू नट शेल लिक्विड'. नावात तेल असलं तरी शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाशी त्याचं काही नातं नाही, ते खायचं तर नाहीच. खाद्यतेलात असतात ती ग्लिसराइडं यात नसतात, यात असतात लांब शेपटीची, म्हणजे कार्बनची लांब साखळी जोडलेली, फिनॉलं, आणि सगळी गंमत त्या शेपटीतच आहे.

टरफल जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं. बाहेरून चामड्यासारखी साल, आतून टणक कवच, आणि दोघांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे, त्यांत हा चीक ठासून भरलेला. ज्यांनी मे महिन्यात अंगणात काजू भाजलेत त्यांना वेगळं सांगायला नको, बी तापली की एका कुशीतून फस्सकन धार येते, ती पेटते, काळाकुट्ट धूर होतो आणि मोठी माणसं पोरांना ओरडून मागे सारतात. झाडासाठी हे बीचं संरक्षण आहे. आतला गर गोड, त्यामुळे किडा, उंदीर, माकड सगळ्यांनाच हवा, आणि भोवती हा पहारा.

काजू मूळचा ब्राझीलचा, तिथल्या तुपी लोकांचा 'अकाजू' पोर्तुगिजांच्या तोंडात 'काजू' झाला आणि सोळाव्या शतकात त्यांच्यासोबतच गोव्याला आला. पण याची भावकी आपल्याकडे आधीपासून होती. काजू, आंबा आणि बिब्बा तिघंही आम्रकुलातले. बिब्बा नीट बघितला तर काजूचीच धाकटी आवृत्ती वाटते: वर मांसल बोंड, खाली बी, बीच्या सालीत काळा चीक, आणि आत खायची गोडंबी जी आपण लाडवात घालतो. परटाने कपड्यावर खूण करायची ती याच बिब्ब्याने, आणि 'बिब्बा उतणं' म्हणजे अंगावर फोड येणं हेही आपल्या घरोघरी माहीत. आंब्याच्या चिकाने तोंड उततं तेही त्याच प्रकारच्या रसायनांमुळे, जपानमध्ये लाकडी भांड्यांवर चढवतात तो उरुशी लाखही याच कुळातल्या झाडाचा.

आता आत काय असतं ते. कच्च्या, न तापवलेल्या तेलात साठ-पासष्ट टक्के ॲनाकार्डिक आम्ल, मग कार्डॉल आणि थोडं कार्डानॉल. ॲनाकार्डिक आम्ल म्हणजे ॲस्पिरिन ज्यापासून बनतं त्या सॅलिसिलिक आम्लालाच पंधरा कार्बनची शेपटी जोडलेली. तेल साधारण १८०-२०० अंशांपर्यंत तापवलं की या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते कार्डानॉल, म्हणून कारखान्यातून येणाऱ्या तापवलेल्या तेलात कार्डानॉलच साठ टक्क्यांच्या वर असतं. शेपटीत कुठे एकही दुहेरी बंध नसतो, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, म्हणजे हा एक पदार्थ नसून चार भावंडांची मिसळ आहे. रेझिन, म्हणजे घट्ट होणारी कृत्रिम राळ, बनवणाऱ्याला प्रत्येकाचं प्रमाण धरून सरासरी काढावी लागते, ती रेणूमागे दोन बंधांच्या आसपास येते, आणि तेल किती आयोडिन पितं ते मोजून प्रयोगशाळेत तिचा पडताळा घेतात. गणित शाळेतलंच, पण ते चुकलं तर रेझिन एक तर जमत नाही किंवा भांड्यातच दगड होतं.

१९२०च्या दशकात अमेरिकेत काजूगर जायला लागले, आणि त्याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मॉर्टिमर हार्वी यांनी या तेलावर काम सुरू केलं. त्यातून पुढे आलेला सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे गाडीचे ब्रेक. ब्रेकच्या लायनिंगमध्ये साधं फिनॉलचं रेझिन वापरलं तर ते कडक पण ठिसूळ होतं, तापलं की तडकतं. कार्डानॉलची लांब शेपटी त्यात लवचिकपणा आणते. शिवाय याच तेलाचं रेझिन घट्ट करून, दळून जी भुकटी करतात तिला फ्रिक्शन डस्ट म्हणतात, ती लायनिंगमध्ये मिसळली की ब्रेक तापल्यावरही पकड फारशी सुटत नाही आणि चाकाचं किंचाळणं कमी होतं. घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकमध्ये काजूचं टरफल असू शकतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच भारी वाटलं होतं.

दुसरा मोठा उपयोग रंगात. कार्डानॉल, फॉर्माल्डिहाइड आणि अमाइन यांच्यापासून फेनाल्कमाइन नावाचे पदार्थ बनतात, ते इपॉक्सी रंग सुकवतात, आणि तेही थंडीत, ओल असताना, त्यामुळे जहाजांच्या रंगात त्यांना मान आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मात्र हे शिकवायला कुणी आलं नव्हतं, होडीच्या फळ्यांना काजूचा चीक फासायची पद्धत जुनीच, पाणी आत शिरत नाही आणि कीडही लागत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्डानॉलपासून नव्या जातीची पॉलिमरं, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू, बनवायचं बरंच काम झालंय. पॉलिइमाइडसारखी उष्णता सोसणारी पॉलिमरं इतकी घट्ट रचलेली असतात की कशातच विरघळत नाहीत, मग त्यांना आकार द्यायचा कसा? पंधरा कार्बनची शेपटी मध्ये आली की साखळ्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत, दाटीवाटीच्या एसटीत कुणीतरी मध्येच कोपर बाहेर काढून उभं राहावं तसं, आणि पॉलिमर विरघळायला तयार होतं. बदल्यात उष्णता सोसायची ताकद थोडी घटते, पण काम होतं.

जीवशास्त्राच्या बाजूने २००३ साली बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या गटाने दाखवलं की याच तेलातलं ॲनाकार्डिक आम्ल पी३०० नावाच्या एन्झाइमला अडवतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर हे एन्झाइम असिटिल गट चिकटवतं आणि गुंडाळी सैल होते, म्हणजे कुठला जनुक चालू होणार याच्याशी त्याचा संबंध आहे. हे प्रयोगशाळेतलं काम आहे, यावरून कुणी चीक औषध म्हणून पोटात घेऊ नये, तोंडापासून आतपर्यंत सगळं उतेल. डासांच्या अळ्या मारायलाही हे आम्ल तपासलं गेलंय, आणि २०१९मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटरस्रँड विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी जर्मनी आणि आफ्रिकेतल्या इतर विद्यापीठांसोबत या तेलापासून अतिनील किरण शोषणारे, सनस्क्रीनमध्ये चालतील असे पदार्थ तयार केले. सगळीकडेच हे तेल वापरणं जमलंय असं नाही, जहाजाच्या इंधनात मिसळलं तेव्हा फिल्टर चोंदले, इंजेक्टर खराब झाले अशा तक्रारी आल्या, कारण तेच दुहेरी बंध गरम इंजिनात एकमेकांना धरून गोंद होतात.

हे सगळं सुरू होतं ते वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग, आजरा, चंदगडच्या काजू युनिटमध्ये. एक किलो काजूबीतून हाती येणारा गर पाव किलोच्या जरा वरखाली, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या चांगल्या जातींत थोडा जास्त, बाकी बहुतेक सगळं टरफल. बिया आधी वाफवतात, रात्रभर गार होऊ देतात, मग कटरवर बसलेल्या बायका एका हाताने बी धरून पायाने दांडा दाबतात, टरफल दुभंगतं आणि सुईने गर अख्खा सोडवून घेतात. वाफवलं तरी चीक टरफलात असतोच. हातमोज्यात बी नीट धरता येत नाही, वेग जातो, आणि मजुरी किलोवर, म्हणून पुष्कळ जणी हाताला नुसतं साधं तेल नाहीतर राख चोळून बसतात. बोटांची टोकं काळी पडतात, कातडी पापुद्र्याने निघते, आणि घरी जाऊन त्याच हाताने भाकरी थापायची. ज्या रेणूवर जगभर इतकं संशोधन झालं, त्याच्यापासून या बोटांना वाचवणारं स्वस्त, पातळ, बी घट्ट धरू देणारं काहीतरी बनवणं हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात तातडीचं काम आहे, आणि ते इथेच, कोकणात व्हायला हवं.

टरफलं पोत्यात भरून तेलाच्या युनिटला जातात, तिथे एक्सपेलरमध्ये दाबून तेल काढतात. उरलेली काळी पेंड जळण म्हणून विकतात, भट्ट्यांना आणि बॉयलरला.