पायावरील गळू: निदानाची नोंद, संकेतांक आणि लागणारी कागदपत्रे

विम्याच्या अर्जातील रोगाचा संकेतांक रुग्णाने निवडायचा नसतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानावरून तो रुग्णालयाकडूनच भरला जातो. त्यामुळे निदान मोघम असेल तर संकेतांकही मोघमच पडतो.

केसाच्या मुळाशी पू धरतो ते करट, म्हणजेच केसतोड, आणि शेजारची अनेक मुळे एकत्र पिकून अनेक तोंडे पडतात ती काळपुळी. तळपायाला केस नसल्यामुळे तिथे केसतोड होत नाही. तिथली पुवाची गाठ बहुधा काही रुतल्यामुळे होते आणि ती गळू म्हणूनच नोंदवावी लागते. विदर्भात तुरीचे धसकट किंवा बाभळीचा काटा पायात मोडणे नित्याचे असले, तरी रुग्ण ते सांगायचे विसरतो, आणि आत राहिलेला तुकडा एक्स-रेत सहसा दिसत नसल्याने (सोनोग्राफीत तो सापडू शकतो) गळू पुन्हा पुन्हा भरत राहते. म्हणून कोणता पाय, नेमकी जागा, काय रुतले आणि साखरेचा आजार आहे का, हे केस पेपरवर आलेच पाहिजे. पाय बधिर असणाऱ्या मधुमेही रुग्णाने गळू घरी सुईने फोडू नये. ताप आला किंवा लाली वर चढू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या (आयसीडी) दहाव्या आवृत्तीत हातापायावरील गळू, केसतोड आणि काळपुळी या तिन्हींना एल०२.४ हा एकच संकेतांक आहे. इंटरनेटवर दिसणारे एल०२.६ ने सुरू होणारे, उजवा-डावा पाय वेगळा दाखवणारे संकेतांक अमेरिकी आवृत्तीतील असून ते पाहून अर्जात खाडाखोड करू नये. मधुमेहाचा संकेतांक स्वतंत्र असतो आणि डॉक्टरांनी निदान लिहिले असेल तरच तो जोडता येतो. एकदा साखर वाढलेली दिसणे त्यासाठी पुरेसे नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क असल्याने साध्या गळूसाठी विम्याच्या भानगडीत पडण्याचे कारणच उरत नाही. भरती व्हावे लागले, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पिवळ्या, केशरी आणि शुभ्र शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेत समाविष्ट आणि उपचार ठरलेल्या यादीत असावा लागतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाकडे) नोंदणी करावी. दोन्ही कागदांवरील नावांत फरक असेल, तर तो आधीच दाखवावा.

खासगी विम्यात बाह्यरुग्ण विभागात केलेली चिरफाड बहुधा बसत नाही. प्रतिपूर्तीसाठी, म्हणजे स्वतः भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी, रुग्णाचा व रुग्णालयाचा अर्जभाग, मूळ डिस्चार्ज कार्ड, पावत्यांसह बिले, चिठ्ठ्या, तपासणी अहवाल आणि रद्द केलेला धनादेश लागतो. डिस्चार्ज कार्डवर एका पायाचे आणि बिलावर दुसऱ्या पायाचे नाव आले असेल, तर दुरुस्ती डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी रुग्णालयातून सुटी होण्यापूर्वीच करून घ्यावी.