गोरं इव्हँजेलिकल चर्च आणि ब्लॅक चर्च: बायबल एकच, मतं उलटी का?

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येतं, "धार्मिक ख्रिश्चन मतदार रिपब्लिकन पक्षाच्या मागे आहे." ते वाचून आपल्या डोक्यात सरळ हिशोब बसतो की चर्चला जाणारा तो रिपब्लिकन आणि देवाधर्माशी घेणंदेणं नसलेला तो डेमोक्रॅट. हा हिशोब अर्धाच खरा आहे, आणि सुटलेला अर्धा इतका मोठा आहे की तो सोडला तर २०२० ला बायडन उमेदवार कसे झाले, जॉर्जियासारख्या राज्यातून चर्चचा पास्टर डेमोक्रॅट म्हणून सिनेटवर कसा गेला, यातलं काहीच नीट कळत नाही. म्हणून गोऱ्यांचं इव्हँजेलिकल चर्च (इव्हँजेलिकल म्हणजे बायबलचा शब्द आणि येशूमुळे होणारा नवा जन्म यांवर भर देणारे) आणि ब्लॅक, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं चर्च, ही दोन्ही शेजारी ठेवून बघूया, कारण लांबून ती एकसारखीच दिसतात.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुठल्याही मध्यम गावात हायवेच्या अलीकडे एक बॅप्टिस्ट चर्च असतं आणि पलीकडे दुसरं. एकात जवळपास सगळे गोरे, दुसऱ्यात जवळपास सगळे ब्लॅक. दोन्हीकडे बाप्तिस्मा कळत्या वयातच, तोही पूर्ण पाण्यात बुडवून. दोन्हीकडे बायबल म्हणजे देवाचा शब्द, दोन्हीकडे येशूमुळे माझा नव्यानं जन्म झाला असं लोक उभं राहून सांगतात, आणि प्रवचन संपलं की पास्टर हात पसरून म्हणतो, ज्याला येशूला जीवन द्यायचंय त्यानं पुढे यावं. मतदानाला मात्र एक चर्च एकीकडे जातं आणि दुसरं बरोबर उलट. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या साधारण आठ जणांनी २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही वेळा ट्रम्पना मत दिलं. ब्लॅक प्रोटेस्टंट (पोपला न मानणारे ख्रिश्चन, बॅप्टिस्ट त्यातलेच) मतदारांत २०२० ला दहातले नऊ बायडनकडे होते, २०२४ ला जरा घट झाली तरी हॅरिसना दहातल्या आठांहून जास्त मिळालेच.

म्हणूनच अमेरिकन पोलमध्ये "व्हाइट इव्हँजेलिकल" असा वेगळा रकाना असतो. तुम्ही बॉर्न अगेन किंवा इव्हँजेलिकल आहात का असं विचारलं तर खूप ब्लॅक बॅप्टिस्टही हो म्हणतात, पण आकडे मांडताना त्यांना ब्लॅक प्रोटेस्टंट या वेगळ्या गटात धरतात, कारण एकत्र केलं तर सरासरी निघते आणि ती सरासरी दोघांबद्दलही खोटं सांगते. आपल्याकडे बातमी येईपर्यंत त्यातला "व्हाइट" गळून पडतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मग फरक आला कुठून? तर इतिहासातून, आणि तो फार वेदनादायक इतिहास आहे. अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट संप्रदाय म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. तो १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टामध्ये स्थापन झाला, आणि उत्तरेतल्या बॅप्टिस्टांशी त्यांचं फाटलं ते गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो की नाही या प्रश्नावर. दक्षिणेचं म्हणणं, होऊ शकतो. या संप्रदायानं गुलामगिरीबद्दल अधिकृत माफी मागितली ती १९९५ ला, म्हणजे दीडशे वर्षांनी.

ब्लॅक चर्चची सुरुवात याच्याही आधीची. अठराव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये गोरे आणि ब्लॅक दोघंही येत, पण बसायच्या जागा वेगळ्या. एका रविवारी प्रार्थना चालू असताना चर्चच्या कारभाऱ्यानं ॲब्सलम जोन्स या ब्लॅक माणसाला गुडघ्यावरून ओढून उठवायला सुरुवात केली, ही तुमची जागा नाही म्हणून. जोन्स म्हणाले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. तेवढंही कोणी थांबलं नाही. मग प्रार्थना संपल्यावर सगळे ब्लॅक लोक उठून एकगठ्ठा बाहेर पडले. त्यांच्यातले रिचर्ड ॲलन गुलामीत जन्मलेले, पैसे भरून स्वतःला सोडवून घेतलेले. त्यांनी १७९४ ला बेथेल चर्च उभं केलं आणि १८१६ ला आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा पूर्ण स्वतंत्र संप्रदाय. श्रद्धेवर यांचं भांडण नव्हतंच, भांडण होतं गुडघे कुठे टेकायचे यावर. मला हा सगळा विषय समजायला हा एक प्रसंग पुरेसा वाटतो.

पुढे दक्षिणेत ब्लॅक माणसाच्या स्वतःच्या मालकीची अशी संस्था जवळपास एकच उरली, चर्च. शाळा सरकारच्या हातात, नोकरी गोऱ्या मालकाच्या हातात, पण पास्टरचा पगार मंडळीच्या वर्गणीतून. त्यामुळे त्याला नोकरीवरून काढायची धमकी चालत नसे, आणि म्हणून पुढारीही तोच झाला. बसमध्ये ब्लॅक लोकांना वेगळं बसवण्याविरुद्धचा १९५५-५६ चा माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो चर्चमधल्या सभांवर, आणि १९६३ ला बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुली मारल्या गेल्या तेही याचमुळे, मारणाऱ्यांना चळवळीचं घर कुठलं ते पक्कं माहीत होतं. प्रवचनातही हा फरक ऐकू येतो. ब्लॅक चर्चमध्ये मोशे आणि फारोची गोष्ट, म्हणजे देवानं अख्ख्या समाजाला गुलामीतून बाहेर काढल्याची गोष्ट मध्यभागी. गोऱ्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये जोर एकेका माणसाचं पाप, एकेका माणसाचं तारण यावर. दोन्हीकडे दोन्ही गोष्टी असतात हो, पण तोलून मापून बघितलं तर वजन कुठे पडतं ते कळतं.

आता पक्ष. इथे अजून एक गोंधळ, लोकांना वाटतं ही विभागणी कायमचीच. अजिबात नाही. गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन, त्यामुळे ब्लॅक चर्च पिढ्यानपिढ्या रिपब्लिकन. १८७० ला सिनेटमध्ये गेलेले पहिले ब्लॅक सदस्य हायरम रेव्हल्स मिसिसिपीचे, रिपब्लिकन, आणि स्वतः पास्टर. आणि दक्षिणेतला गोरा बॅप्टिस्ट तेव्हा कट्टर डेमोक्रॅट. १९३० च्या मंदीत डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टच्या योजनांमुळे ब्लॅक मतं सरकायला लागली, पण सगळी नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडील, तेही अटलांटात पास्टर, १९६० पर्यंत रिपब्लिकन उमेदवार निक्सनच्या बाजूनं होते, आणि त्यातलं एक कारण असं की डेमोक्रॅट उमेदवार केनेडी कॅथलिक! त्याच वर्षी सप्टेंबरात ह्यूस्टनला केनेडी प्रोटेस्टंट पास्टरांच्या सभेत उभं राहून हेच समजावत होते की मी पोपचं ऐकून देश चालवणार नाही. म्हणजे कॅथलिक माणसाची भीती रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बॅप्टिस्टांना होती. मग ऑक्टोबरमध्ये किंग जॉर्जियात तुरुंगात पडले, केनेडींनी त्यांच्या बायकोला, कोरेटांना फोन केला, आणि थोरल्या किंगांनी जाहीरपणे बाजू बदलली. १९६४ ला डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सननी नागरी हक्क कायदा केला, त्याविरुद्ध मत देणारे गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले, आणि तिथून ब्लॅक चर्च डेमोक्रॅट झालं ते आजतागायत.

गोऱ्या इव्हँजेलिकलांचा प्रवास जास्त वळणावळणाचा. १९६५ ला व्हर्जिनियाचे पास्टर जेरी फॉलवेल प्रवचनात सांगत होते की पास्टरांचं काम राजकारण करणं नाही, आत्मे जिंकणं आहे. रोख अर्थात मोर्चे काढणाऱ्या किंगसारख्यांवर. १९७९ ला त्याच फॉलवेलनी मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली. मधल्या चौदा वर्षांत काय झालं? सगळे सांगतात गर्भपात, म्हणजे गर्भपाताला देशभर परवानगी देणारा १९७३ चा कोर्टाचा निकाल. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. १९७१ ला सदर्न बॅप्टिस्टांचा स्वतःचाच ठराव होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा वेळी गर्भपाताला कायद्यानं परवानगी असावी. आजच्या भूमिकेशेजारी हे ठेवलं तर विश्वास बसत नाही. दुसरं कारण होतं शाळा. कोर्टानं सरकारी शाळांत गोरी आणि ब्लॅक मुलं एकत्र बसवायला लावल्यावर दक्षिणेत खासगी ख्रिश्चन शाळांचं पेव फुटलं, त्यातल्या बऱ्याच फक्त गोऱ्यांच्या, आणि १९७८ ला टॅक्स खात्यानं अशा शाळांची करमाफी काढायचा प्रस्ताव आणला तेव्हा चर्चमधून संतापाची लाट उठली. तेव्हा अध्यक्ष कोण, तर जिमी कार्टर, जे स्वतः सदर्न बॅप्टिस्ट आणि रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे! आपल्यातल्याच माणसाला सोडून हा समाज १९८० ला घटस्फोटित, हॉलिवूडमधून आलेल्या रेगनकडे गेला. माझ्या मते श्रद्धा एकटी पक्ष ठरवत नाही याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही.

१९८८ चं वर्ष तर दोन्ही चर्चेसचा आरसा आहे. एकाच वर्षी रिपब्लिकन उमेदवारीसाठी पॅट रॉबर्टसन उभे, बॅप्टिस्ट पास्टर म्हणून दीक्षा घेतलेले (निवडणुकीसाठी त्यांनी ती सोडली), आणि डेमोक्रॅट उमेदवारीसाठी जेसी जॅक्सन, तेही बॅप्टिस्ट पास्टर. रॉबर्टसननी आयोवात थोरल्या बुशना मागे टाकलं, जॅक्सन तर उमेदवारी जिंकलेल्या डुकाकिसनंतर एकूण दुसऱ्या क्रमांकावर आले. बायबल दोघांच्याही हातात होतं, पण रॉबर्टसन बोलत होते शाळेतली प्रार्थना, कुटुंब, गर्भपात यांवर, आणि जॅक्सन मजुरी, घरं, मताचा हक्क यांवर.

काम करायची पद्धतही बघा. कायद्यानं करमाफी असलेल्या चर्चनं उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, हा नियम १९५४ चा (२०२५ मध्ये खुद्द टॅक्स खात्यानंच कोर्टात सांगितलं की पास्टर आपल्या मंडळीशी चर्चमध्ये बोलला तर तो यात धरू नये). म्हणून नव्वदच्या दशकात ख्रिश्चन कोअलिशन या इव्हँजेलिकलांच्या संघटनेनं मतदार गाइड काढली. एका कागदावर दोन उमेदवार, खाली मुद्दे, पुढे सपोर्ट्स, अपोजेस. "अमुकला मत द्या" असं कुठेच नाही, पण मुद्दे असे निवडलेले की वाचणाऱ्याला शंका उरू नये. मतदानाच्या आदल्या रविवारी हे कागद चर्चमध्ये आणि बाहेरच्या पार्किंगमध्ये वाटले जायचे. ब्लॅक चर्चमध्ये रविवारी दुसरंच चित्र, सर्व्हिस संपली की चर्चच्या बस आणि व्हॅन भरून लोक थेट लवकर मतदानाच्या (म्हणजे मुख्य दिवसाआधीच मत देता येतं त्या) केंद्रावर, ठेवणीतल्या कपड्यांत, आज्ज्या टोप्या घालून. याला सोल्स टू द पोल्स म्हणतात. एकीकडे कोणाला मत द्यायचं ते आडून सांगायची धडपड, तर दुसरीकडे ज्यांच्या आजोबांना मतच देऊ दिलं नाही त्यांना केंद्रापर्यंत न्यायची.

आता जिथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते. ब्लॅक चर्च डेमोक्रॅट आहे म्हणजे सगळ्या बाबतीत लिबरल आहे असं नाही. समलिंगी विवाहावर तिथली बरीच मंडळी जुन्या मताची. २०१२ ला ओबामांनी पाठिंबा जाहीर केल्यावर कित्येक ब्लॅक पास्टर जाहीरपणे नाराज झाले, मतं मात्र तरीही ओबामांनाच पडली, कारण त्यांच्या यादीत मताचा हक्क, पोलिस, शाळा, दवाखाना हे वर आहे. आणि हे फक्त उमेदवाराच्या रंगाचं प्रकरण आहे असंही नाही. २०२२ ला जॉर्जियात सिनेटसाठी दोन ब्लॅक ख्रिश्चन समोरासमोर होते, डेमोक्रॅट राफाएल वॉर्नॉक, किंग यांच्याच एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, आणि रिपब्लिकन हर्शेल वॉकर, फुटबॉलचे स्टार, गर्भपाताच्या विरोधात. गोऱ्या इव्हँजेलिकलांनी प्रचंड बहुमतानं पास्टरला नाही, फुटबॉलपटूला मत दिलं. जिंकले वॉर्नॉक.

जाता जाता, या दोघांपलीकडे जुन्या उदार प्रोटेस्टंटांचं तिसरं घरही आहे आणि आपला संबंध त्या घराशी जास्त. मुंबईत आणि अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) शाळा काढणारं अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनलिस्टांचं, म्हणजे याच घरातल्या एका संप्रदायाचं. महात्मा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली ते गुलामी संपवायला झटलेले लोक, आणि त्यांत या घरातलेही पुष्कळ होते. याच परंपरेचा आजचा वारस युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट, आणि ओबामा शिकागोत वर्षानुवर्षं जात ते ट्रिनिटी चर्च याच संप्रदायातलं, पण मंडळी ब्लॅक.

डेमोक्रॅट पक्षाची खरी अडचणही इथेच आहे. त्यांच्याकडे देशातले सगळ्यात निधर्मी शहरी तरुणही आहेत आणि सगळ्यात भाविक आज्ज्याही. २०२० ला पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत बायडन आपटले, पण साउथ कॅरोलायनात, जिथे त्या पक्षाचे अर्ध्याहून जास्त मतदार ब्लॅक, एका पास्टरचा मुलगा असलेल्या खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला आणि कॅथलिक बायडन एका रात्रीत पुढे आले. या चर्चची ताकद विरोधकांनाही बरोबर कळते. २०२१ ला जॉर्जियात रिपब्लिकनांनी निवडणूक कायदा बदलायला घेतला तेव्हा सुरुवातीच्या मसुद्यात रविवारच्या मतदानावरच कात्री होती. पास्टर रस्त्यावर उतरले, ओरड झाली, आणि शेवटच्या कायद्यात रविवार वाचला. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, ब्लॅक तरुण आता आईबापांइतके चर्चला जात नाहीत, आणि त्यांना मतदानाला नेणारी, इतकी जुनी, इतकी विश्वासाची दुसरी संस्था अजून तरी उभी राहिलेली नाही.