अर्ली डिसिजनचे बंधन नक्की कुणाच्या हाती?

‘अर्ली डिसिजन’ म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचा शब्द द्यायचा. अमेरिकी कॉलेजांच्या या अर्जासोबतच्या करारावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. मुंबई-पुण्यातल्या शाळांतूनही हीच कागदपत्रे जातात. शब्द फिरवला म्हणून मुलाला कोर्टात खेचल्याचे सहसा ऐकू येत नाही, आणि मिळालेली आर्थिक मदत अपुरी असेल तर सुटकेची वाटही असते. तरी बहुतेक जण हा शब्द पाळतात.

पद्धत १९५०च्या दशकातली. मोठ्या विद्यापीठांशी चुरस असलेल्या ईशान्य अमेरिकेतल्या काही छोट्या कॉलेजांनी चांगली मुले आधीच हाताशी धरायला ती काढली. खरा भर आला नव्वदच्या दशकात. येल आणि प्रिन्स्टन तेव्हा बंधनकारक अर्जाकडे वळली. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात हा आकडा त्या काळी क्रमवारीत मोजला जाई, आणि आधीच बांधून घेतलेली मुले तो हमखास वाढवत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लवकर अर्ज करण्याचा फायदा एसएटी या प्रवेश परीक्षेच्या सुमारे १०० गुणांइतका दिसला. तो कुणाला? चार कॉलेजांची मदत तुलना करून पाहण्याची ज्यांना गरज नाही, अशा घरांना.

येल आणि स्टॅनफर्डने २००२ मध्ये बंधन सोडायचे ठरवले. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये लवकरचे अर्जच बंद करण्याची घोषणा केली, पण २०११ मध्ये ते पुन्हा सुरू केले, बंधनाशिवाय.

वादाचा खरा मुद्दा २०१९चा. प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत एक नियम होता: अर्ली डिसिजनने येणाऱ्यांनाच मिळतील अशी आमिषे, म्हणजे खास वसतिगृह, वाढीव मदत किंवा वेगळी शिष्यवृत्ती, कॉलेजांनी दाखवायची नाहीत. संघीय न्याय विभागाने हा स्पर्धेला लगाम ठरवला. संघटनेने सप्टेंबरमध्ये तो नियम काढला, डिसेंबरमध्ये खटला आणि तडजोड एकदमच दाखल झाली. कायद्याच्या चष्म्यातून हे सुसंगत दिसते, कारण कॉलेजांनी एकमेकांशी ठरवून सवलती रोखू नयेत. परंतु विद्यार्थ्याच्या अंगाने पाहिले तर सरकारने बंधनाला हातही लावला नाही, उलट त्यावर गोड आवरण घालायची मुभा दिली. त्याआधी, २०१८ मध्ये, आधी निवडलेल्या मुलांची माहिती कॉलेजे एकमेकांना देतात का, याचीही याच विभागाने चौकशी सुरू केली होती. माझ्या मते मूळ प्रश्न तोच होता, आणि तडजोडीत तो बाजूला पडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये तो दुसऱ्या दाराने परत आला. ३२ खासगी कॉलेजे आणि विद्यापीठांवर मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. एकाने बांधलेल्या मुलाला बाकीच्यांनी बोलवायचे नाही, ही आपसांतली समजूत फी चढी ठेवते, असा त्यात आरोप आहे.

त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या एका विद्यापीठाने कोलोरॅडोतल्या एका शाळेचे अर्ली डिसिजनचे अर्ज वर्षभर घेणार नाही असे ठरवले. शब्द मोडला होता आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याने. दार बंद झाले ते पुढच्या तुकडीला.