पार्श्वभूमी : धारवाडचा हुप्प्या आणि मनाच्या उत्क्रांतीचा वाद

काजू-फणसाचा हंगाम आला की खानापूर, हल्याळ भागात माकडांच्या हुशारीचे किस्से सुरू होतात. राखणीला म्हातारी बसलीय की बंदूकवाला, हे त्यांना लांबूनच कळतं म्हणे. माकडांच्या डोक्यात नेमकं काय चालतं, या प्रश्नावरचा एक जगभर गाजलेला वाद बेळगावपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर, धारवाडजवळच्या सागवानी रानात सुरू झाला. आपल्याकडे मात्र धारवाड म्हटलं की पेढा आणि गाणं.

विसाव्या शतकात बराच काळ बुद्धी तपासली जायची ती पिंजऱ्यात : चिंपांझी काठीनं केळं ओढतो का, खोक्यावर खोकं रचतो का. प्राणी आपल्या गोतावळ्यात कसा वागतो, हे नेटानं पाहायला घेतलं ते युद्धानंतरच्या जपानी अभ्यासकांनी. एकेक माकड ओळखायचं, त्याच्या नात्यागोत्यासकट वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या, ही त्यांची रीत. हीच रीत घेऊन १९६१ मध्ये एक पथक धारवाडला आलं.

तिथल्या काळतोंड्या वानरांच्या एका टोळीत सरासरी पंधरा-सोळा जीव आणि बहुतेक ठिकाणी मोठा हुप्प्या एकच. १९६२ मध्ये बाहेरच्या नरांनी अशाच एका टोळीवर हल्ला केला. जुना हुप्प्या हुसकला गेला, आलेल्यांपैकी एकानं ठाण मांडलं आणि थोड्याच काळात तान्ही पिल्लं चावून मारली गेली. पिल्लं गेलेल्या माद्या लवकरच माजावर आल्या आणि नव्या नराशी जुगल्या.

खरं भांडण पेटलं ते पथकाच्या पुढच्या निर्णयावरून. दुसऱ्या एका टोळीतला एकुलता एक नर त्यांनी मुद्दाम काढून घेतला. शेजारचा नर आत शिरला आणि इथेही पिल्लांवर तीच वेळ आली. १९६६ मध्ये हे छापून आलं. टीकाकारांचं म्हणणं असं, की माणसानं घडी विस्कटली आणि दोष वानरांना दिला. धारवाडला वानरं दाटीनं राहत होती, उत्तर आणि मध्य भारतातल्या आधीच्या नोंदींत ती बरीच शांत दिसली होती. म्हणजे ही गर्दीतून आलेली विकृती. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण पहिल्या टोळीला कुणी हात लावला नव्हता, हे टीकाकार पटकन विसरतात.

१९७० च्या दशकात अबूच्या डोंगरावरल्या अभ्यासातून वेगळा अर्थ पुढे आला. अंगावर पाजणारी मादी माजावर येत नाही. नराची सद्दी मात्र सरासरी सव्वादोन वर्षांची. दुसऱ्याचं पिल्लू मोठं होईपर्यंत थांबणं त्याला परवडत नाही. हे गणित तो मनात मांडतो असं नव्हे, ते निसर्गनिवडीनं मांडलेलं. वाद तरीही दोन दशकं चालला. १९९९ मध्ये नेपाळमधल्या वानरांच्या डीएनए तपासणीत दिसलं, की हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. गर्दीनं माथं फिरलेला नर आपलं-परकं बघत बसला नसता.

या सगळ्या गदारोळात माद्यांकडे लक्ष उशिरा गेलं, आणि मनाचा प्रश्न तर तिथेच आहे. आधीच गाभण असलेली मादी नव्या नराला जवळ करते. होणारं पिल्लू कुणाचं, याचा त्याला अंदाज लागत नाही. काही माद्या मिळून पिल्लाच्या आड उभ्या राहतात. कोण कुणाच्या बाजूचा, कोण कालचा आणि कोण आजचा, हे लक्षात ठेवल्याशिवाय असल्या घरात निभाव लागणं अवघड. बुद्धी अन्न शोधण्यापेक्षा सोबत्यांना सांभाळण्यातून वाढली, हा विचार १९६६ आणि १९७६ च्या लेखांतून रुजला. १९९२ मध्ये टोळीचा आकार आणि मेंदूच्या बाह्य थराचं प्रमाण यांची सांगड घालून दाखवली गेली. २०१७ च्या एका मोठ्या तुलनेत मात्र मेंदूच्या आकाराशी आहाराचाच संबंध जास्त घट्ट निघाला. फणस कधी पिकतो हे लक्षात ठेवायलाही डोकं लागतंच.

दक्षिणेतल्या, डोक्यावर टोपीसारखे केस असलेल्या लाल माकडांवरचं काम अलीकडचं. दोघी एकमेकींच्या उवा काढत बसल्या असताना वरचढ तिसरी आली, तर बहुतेक वेळा त्या दोघींतली खालच्या मानाचीच उठते. म्हणजे तिला स्वतःचीच नव्हे, शेजारणीचीही पायरी ठाऊक असते. बंडीपूरची माकडं तर खाणं हातात असलेल्या माणसाकडे हात पसरतात, वर विशिष्ट आवाज काढतात; २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

एवढं कळूनही गावोगाव उपाय एकच सुचवला जातो : दांडगा हुप्प्या धरा आणि लांब रानात सोडा. त्याची जागा रिकामी राहत नाही आणि पुढे काय होऊ शकतं, हे साठ वर्षांपूर्वी धारवाडला दिसून गेलं आहे.